गाळलेली विनंती

बोईसर स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या ख्रिस्ती मंडळीचा भाड्याचा हॉल आहे. जिना चढून वर आलं की दारातल्या बोर्डावर माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो दिसतो. ती, तिचा नवरा, दोन पोरं आणि मागे आंब्याचं झाड. ती दोघं आफ्रिकेत, मलावीत मिशनरी म्हणून गेली तेव्हा धाकटं पोर अजून मांडीवर होतं. तेव्हापासून दर रविवारी मी त्या बोर्डाकडे न बघता आत जाते.

खरं तर जायचं होतं मी. एकोणीस वर्षांची असताना युवक शिबिरात सगळ्यांसमोर उभं राहून मी आयुष्य देवाच्या कामाला वाहिलं होतं. ती तेव्हा बारा वर्षांची, माझा हात धरून मुळुमुळु रडत होती. त्याच साली वडिलांना अर्धांगवायू झाला. ते नगरकडून इथल्या कारखान्यात आलेले, जवळ नातेवाईक कोणी नाहीत, म्हणून मोठीने घर सांभाळायचं असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. पुढे तारापूरच्या एमआयडीसीतल्या मुलाशी लग्न केलं, बेटेगावला ब्लॉक घेतला, आणि वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली.

आईला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी पालघरला मीच नेते. तिथल्या बाकावर शेजारी कोणीही बसलं की ती फोन काढते. "ही माझी धाकटी. परदेशात देवाचं काम करते." मग माझ्याकडे हनुवटी वळवून, "ही मोठी." माझी ओळख तेवढ्यात संपते. बाजारात बसणारी दातिवऱ्याची मासेवालीसुद्धा विचारते, "तुजी भैन कवा येणार हाय? तिच्यासाठी सुके बोंबील ठेवलेत आमी." आठवड्यातून दोनदा मासे मी घेते आणि बोंबील ठेवायचे तिच्यासाठी! मला राग यायचा. राग कसला, मी जळत होते.

दर महिन्याला तिचं प्रार्थनापत्र यायचं. त्यांना मदत करणाऱ्या मंडळ्या देशभर पसरलेल्या, म्हणून पत्र इंग्रजीत. ते मराठीत करून उपासनेनंतर वाचायचं काम माझं. आमच्यात पद्धत अशी, की वाचलेली प्रत्येक विनंती एकेक बाई आठवडाभर आपल्याकडे घेते आणि रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. विनंती माणसासाठी असेल तर त्या माणसाला फोनही करायचा. मी वाचायला उभी राहिले की बायका पुढे सरकून बसत. बोअरवेलला पाणी लागू दे, शाळेचं छप्पर होऊ दे, थोरल्याचा मलेरिया उतरू दे. एकेक विनंती हातोहात जायची. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी विनंती कोणी घेतली नव्हती. मी ती दिलीच नव्हती, हे खरं. पण न सांगता कोणाला कळू नये?

गेल्या वर्षीच्या एका पत्रात शेवटी एक वेगळीच विनंती होती. "ही माझ्यासाठी. सकाळी उठावंसं वाटत नाही. मुलांवर ओरडते आणि मग न्हाणीघरात जाऊन रडते. बोईसरच्या बायकांचा आवाज ऐकावासा वाटतो."

मी ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचलं. पहिला विचार आला तो असा: आता फोनही हिलाच हवेत! दुसरा विचार सोयीचा होता, की आई पहिल्या रांगेत बसते, तिला उगाच घोर नको. त्या रविवारी मी शाळेच्या छपरापर्यंतच्या विनंत्या वाचल्या आणि कागदाची घडी घातली.

फोन मीही केला नाही.

पुढची पत्रं आखूड झाली. त्यांत बोअरवेल असायची, छप्पर असायचं, ती कुठेच नसायची. व्हिडिओ कॉलवर मात्र ती आईसमोर हसायची. मला ते बरंच वाटलं.

या उन्हाळ्यात ती सगळी महिनाभरासाठी आली. गळ्याची हाडं दिसत होती. हॉलमध्ये बायकांनी तिला गराडा घातला तेव्हा ती सगळ्यांशी गोड बोलली, पण कोणाच्या मिठीत फार वेळ थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओट्याशी बोंबील साफ करत होतो, तेच मासेवालीने ठेवलेले. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, ते पत्र ऐकून मंडळीला माझी लाज वाटली का गं? बाकीच्या ठिकाणांहून ईमेल आले. आपल्या एकीचाही फोन नाही. म्हटलं, मिशनरी बाईने असं लिहायला नको होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू तरी रोज माझं नाव घेत असशील, एवढ्यावर मी ते महिने काढले."

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला. "मी ते वाचलंच नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"गाळलं. सगळं तुलाच का मिळावं, असं वाटलं."

उरलेले बोंबील तिने साफ केले, हात धुतले आणि आईजवळ जाऊन बसली. जायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी नीट वागली, पाहुण्यांशी वागतात तशी.

आता तिचं पत्र मराठीत येतं, आईच्या फोनवर. गेल्या रविवारी आईने ते मोठ्या अक्षरांत करून घेतलं आणि स्वतः उभी राहून, अडखळत वाचलं. मी तिसऱ्या रांगेत होते. शाळेसाठी, मुलांसाठी, पावसासाठी. मग आईने चष्मा सावरला आणि वाचलं, "शेवटची विनंती माझ्या ताईसाठी."

कशासाठी ते लिहिलं नव्हतं. सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या, आणि ती विनंती घ्यायला एकदम कितीतरी हात वर झाले.

दुपारभर माझा फोन वाजत होता. काय झालंय गं, असं प्रत्येकीने मायेने विचारलं. मी प्रत्येकीला सांगितलं, काही नाही.