टिकलीच्या चामखिळी

श्यामकांत खांबेटे यांना स्वतःचं मत नव्हतं असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. मत होतं, फक्त ते दर दोन-तीन वर्षांनी दिल्लीहून नव्या साहेबाबरोबर येत असे.

एस्प्लनेडजवळच्या एका केंद्र सरकारी कचेरीत ते अधिकारी होते आणि दक्षिण कलकत्त्यात आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. मी वरच्या मजल्यावर. माझे वडील इथे वकिली करायला आले ते इथलेच झाले; माझा जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी सगळं इथलंच. त्यामुळे बदलीवर येणारी मराठी बिऱ्हाडं मी लहानपणापासून बघत आले आहे. येतात, इथल्या दमट हवेला नावं ठेवतात आणि जाताना तांताच्या सुती साड्या बांधून नेतात. खांबेट्यांची बदली मात्र कुणाला सुचलीच नाही. साहेब येत-जात राहिले, खांबेटे तिथेच. देव्हाऱ्यातली मूर्ती बदलावी आणि पुजारी तोच राहावा, तसं चाललं होतं.

आधीच्या साहेबांना मासे प्रिय होते. एकदा ते म्हणाले, "खांबेटे, कलकत्त्यात राहून इलिश खात नाही? काय माणूस आहात!" झालं. ज्या माणसानं जन्मात कांदा सोडून उग्र काही खाल्लं नव्हतं तो रविवारी सकाळी मासळीबाजारात उभा. त्यांची बायको कालिंदीवहिनी नाकाला पदर लावून ते शिजवायची, खांबेटे काटे गिळत 'वा, वा' म्हणायचे आणि डोक्याचा, शेपटीचा भाग खायला मागच्या दारात एक मांजरी येऊन बसायची. पांढरी, कपाळावर काळा ठिपका. वहिनींनी तिचं नाव टिकली ठेवलं.

मग रांगणेकरसाहेब आले. ते शुद्ध शाकाहारी. त्याच आठवड्यात खांबेट्यांच्या घरातून मासळी हद्दपार झाली आणि "मासे म्हणजे तामसी आहार" हे त्यांचं जुनंच मत निघालं. टिकली मात्र गेली नाही. वहिनींनी तिला जाऊच दिलं नाही. मुलगा शिकायला पुण्यात आजोळी, बंगाली येत नाही, हिंदी बाजारापुरती; दिवसभर मराठी बोलायला त्या घरात दुसरं होतं कोण? नवरा संध्याकाळी यायचा आणि साहेब काय म्हणाले ते सांगून झोपायचा.

खांबेट्यांना मधुमेह होता. पुढे टिकलीलाही निघाला. सारखं पाणी पिते, खाऊनही वाळते, म्हणून वहिनींनी मला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर सान्याल यांनी तपासून सांगितलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच." तेव्हापासून रोज सकाळी त्या घरात काचेच्या दोन सिरिंजा उकळायला लागल्या, एक मोठी, एक लहान. स्पिरिटच्या दिव्यावर दोघांच्या लघवीच्या दोन नळ्या तापायच्या. निळं औषध हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं तर भरपूर. टिकलीची नळी हळूहळू हिरवट झाली, कारण तिला जे वाढलं जाई तेवढंच ती खाई. खांबेट्यांची कायम विटकरी. कचेरीत कुणी संदेश, म्हणजे इथली छान्याची मिठाई, आणले की हे "नको" म्हणणार? आणि ते साहेबांनी पुढे केले असतील तर?

त्यात टिकलीच्या अंगावर चामखिळी उठल्या. एक पाठीवर, दोन कानामागे आणि एक मानेवर, वाटाण्याएवढी. दिसायला चांगल्या नव्हत्या हे खरं. मानेवरचीला तिचंच नख लागायचं आणि रक्त यायचं. वहिनी हळद लावायच्या.

दिवाळीच्या फराळाला रांगणेकरसाहेब सपत्नीक आले. कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी घरी ते जात. त्यात प्रेम किती आणि चकल्या किती हा भाग वेगळा. टिकली त्यांच्या खुर्चीखालून निघाली. साहेबांनी चकली मोडता मोडता पाहिलं आणि म्हणाले, "खांबेटे, हे काय अंगावर? काढून का टाकत नाही?" लगेच ते पुण्याच्या थंडीविषयी बोलायला लागले. एवढंच. हवेतला शब्द हवेत विरून गेला असता. पण खांबेट्यांनी तो वरच्या वर झेलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हुकूम झाला, "चामखिळी काढायच्या. साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांनी सहज विचारलं हो," वहिनी म्हणाल्या.

"साहेब सहज काही बोलत नाहीत. संक्रांतीला ते पुन्हा येणार. तेव्हा ते मांजर तसंच दिसलं तर माझी काय किंमत राहिली?"

मी तिथेच होते. त्यांची किंमत मला ठाऊक होती, पण शेजारधर्म म्हणून गप्प बसले.

आम्ही दोघी पुन्हा डॉक्टर सान्यालांकडे गेलो, ट्रामनं, टिकलीला झाकणाच्या करंडीत घालून. डॉक्टरांनी एकेक चामखीळ चिमटीत धरून पाहिली. मग मला बंगालीत म्हणाले, "यांना नीट समजावून सांगा, दीदी. यात वाईट काही दिसत नाही. मानेवरची काढता येईल. पण त्यासाठी गुंगी द्यावी लागेल. मांजर म्हातारं आहे, त्यात साखर. गुंगी सोसली नाही तर टेबलावरच जाईल. सोसली तरी जखम भरेल की चिघळेल, मी आज सांगू शकत नाही."

"आणि नाही काढली तर?"

"नखं कापत राहा. एकदम वाढायला लागली, रंग बदलला, तर घेऊन या, तेव्हा पुन्हा विचार करू. काढाच म्हणालात तर मी काढीन. मांजर यांचं आहे, यांनी ठरवावं."

मी ते मराठीत सांगितलं. "मी ठरवू?" वहिनींनी असं विचारलं, जणू मी त्यांना ट्राम चालवायला सांगितलं होतं.

परतताना करंडी मांडीवर धरून त्या स्वतःशीच वाद घालत होत्या. खाजवते, रक्त येतं, ते बघवत नाही. पण टेबलावर गेली तर? आणि पुन्हा, मानेवरची खरंच वाढली तर? "वृंदाताई, नुसत्या दिसण्यासाठी नसेल कापायचं, तर मग ठरवायला अवघड जातं हो," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आदर वाटला. त्यांच्या यजमानांना हे अवघड कधीच गेलं नव्हतं.

खांबेट्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच वाक्य उचललं. "काढता येते म्हणाले ना? मग प्रश्न मिटला."

"अहो, जखम भरणार नाही कदाचित. साखर आहे तिला."

"मलाही आहे. मी काय मेलो?"

ते मेले नव्हते, पण लंगडत होते. रांगणेकरसाहेब निमुळत्या टोकाचे काळे बूट घालत. म्हणून दसऱ्याला खांबेट्यांनीही तसेच घेतले. साहेबांचे पाय लांबट, यांचे पसरट. पहिल्याच दिवशी उजव्या अंगठ्याला बूट लागला आणि फोड आला. फोड फुटला, त्याची जखम झाली. वहिनी रोज संध्याकाळी ती धुवायच्या, पट्टी बांधायच्या, डॉक्टरांना दाखवा म्हणून कानीकपाळी ओरडायच्या. आणि रोज सकाळी खांबेटे त्याच पट्टीवर तेच बूट चढवून कचेरीत जायचे. चपला घालून साहेबांसमोर जाणार कसं?

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. नवरा कचेरीत गेल्यावर वहिनी करंडी घेऊन निघाल्या आणि जिना चढून माझ्याकडे आल्या. शाळेला सुट्टी होती. दुपारभर बसल्या. टिकली माझ्या खिडकीत उन्हाला झोपली. संध्याकाळी खाली जाऊन वहिनींनी सांगितलं, "दवाखान्यात वीज नव्हती." त्या दिवसांत कलकत्त्यात यावर अविश्वास दाखवणं कुणालाच शक्य नव्हतं. पुढच्या आठवड्यातही वीज नव्हती. तिसऱ्यांदाही नव्हती. खोटं बोलायची सवय नसलेल्या बाईनं एकच खोटं शोधलं आणि तेच ती पुन्हा पुन्हा वापरत राहिली.

संक्रांत उजाडली तेव्हा खांबेटे खवळले. "उद्या मी रजा टाकतो आणि स्वतः घेऊन जातो. वीज नसेल तर कंदील लावून कापायला सांगतो!" वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. हा माणूस एकदा साहेबाच्या नावानं निघाला की थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? रात्रभरात जे करायचं ते करायचं होतं, आणि काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. हळदीकुंकवाची तबकं लावताना त्यांनी एका तबकात दोन्ही वाट्या हळदीच्याच ठेवल्या. मी मदतीला गेले होते, म्हणून दिसलं.

साहेब आणि त्यांच्या बाई आल्या. बाईंना हळदीकुंकू झालं, वाण दिलं. खांबेट्यांनी टिकलीला न्हाणीघरात कोंडलं होतं, पण तिथल्या दाराला कडी कधी नीट लागतच नसे. ती आली आणि नेमकी साहेबांच्या बुटाशी बसली.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "मांजर कधी पाळलंत?"

खांबेटे उठून उभे राहिले. "साहेब, उद्या नक्की काढतो. रजेचा अर्ज दिलाय. तीन वेळा प्रयत्न केला, पण वीज…"

"काय काढता?"

"चामखिळी, साहेब. आपण दिवाळीत म्हणाला होता."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग हसले. "मी? मला तर हे मांजरही आठवत नाही, खांबेटे."

शहाण्या माणसानं इथे सुटकेचा श्वास टाकून सरबत मागवलं असतं. खांबेटे म्हणाले, "तरी आपला शब्द, साहेब. उद्या नेतोच."

साहेबांनी बरोबर आणलेल्या डबीतला तिळाचा लाडू काढून खांबेट्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. गोड घ्या, गोड बोला." खांबेट्यांनी तो तोंडात टाकला. साहेबांनी दुसरा दिला. तो तोंडाकडे जात असताना कालिंदीवहिनी पुढे आल्या आणि त्यांनी तो नवऱ्याच्या हातातून काढून घेतला.

"यांना गोड चालत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. "या मांजरालाही चालत नाही. तिला मी देत नाही, म्हणून ती बरी आहे. यांच्या पायाला दसऱ्याला बूट लागला, तो अंगठा अजून ओला आहे. रोज मी बांधते, रोज पट्टीला पू येतो. न भरणारी एक जखम या घरात आहे, ती मला पुरे. मांजराला कुणी हात लावायचा नाही."

साहेबांच्या बाईंनी खाली पाहिलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"खांबेटे," साहेब अवघडून म्हणाले, "अहो, ते डॉक्टरांना दाखवा बुवा."

"होय साहेब. उद्याच, साहेब."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी गेले. बायकोनं तीन महिने घसा कोरडा केला तो पाण्यात. साहेब 'बुवा' म्हणाले आणि माणूस इस्पितळात हजर. टिकलीसाठी टाकलेली रजा अशी त्यांच्याच उपयोगी पडली. सर्जननं पट्टी सोडली आणि पुन्हा बांधलीच नाही. अंगठा काळा पडला होता. म्हणाले, "हा आजच काढायला हवा. उशीर केला तर पाऊल जाईल."

खांबेटे पडल्यापडल्या म्हणाले, "साहेबांना विचारून सांगतो. ते दौऱ्यावर गेलेत, गुरुवारी येतील."

सर्जन वहिनींकडे वळले. मांजराच्या एका चामखिळीसाठी ज्या बाईनं दोन महिने जिवाला घोर लावून घेतला होता, तिनं नवऱ्याच्या अंगठ्यासाठी एक श्वासही घालवला नाही. "काढा," त्या म्हणाल्या.

पाय वाचला. घरी आणल्यावर मी भेटायला गेले तेव्हा खांबेटे पलंगावर उशीला टेकून होते. पायाशी टिकली पसरली होती, सगळ्या चामखिळी जागच्या जागी, नखं मात्र नीट कापलेली. स्वयंपाकघरात दिव्यावर दोन नळ्या तापत होत्या. कीव यायला हवी होती मला त्या माणसाची. आली नाही. आली ती आतल्या बाईची, आणि रागही तिच्यासाठीच आला.

खांबेट्यांनी हळूच विचारलं, "वृंदाताई, साहेबांना कळवलंत?"

कळवलं होतं. मीच फोन केला होता. साहेब "अरेरे" म्हणाले आणि लगेच, यांचं टेबल सध्या कोण बघतंय, अशी चौकशी केली.

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

मी टिकलीकडे पाहिलं. "म्हणाले, मांजर आहे तसंच राहू द्या."

"असं म्हणाले?" खांबेट्यांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच नाही." आणि त्यांनी पट्टी बांधलेला पाय जपून बाजूला घेतला, तिला ऐसपैस झोपता यावं म्हणून.