हरणाभोवतीचा पट्टा

जीनबाई कायमच्या स्कॉटलंडला निघाल्या, असा निरोप नगरहून माझ्या भावाने पाठवला आणि मी दुसऱ्याच दिवशी शिवाजीनगरच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. नगर माझं माहेर. जीनबाई तिथल्या दवाखान्यात जन्मभर परिचारिका होत्या आणि माझी थोरली त्यांच्याच हातावर जन्मली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लोक म्हणाले, या दिवसांत कशाला तिकडे जातेस, प्यायला पाणी मिळायचं नाही. पण बाई एकदा बोटीत बसल्या की मग कुठली भेट?

जाताना भेट काय न्यावी, हा प्रश्न मी जुन्या बाजारात सोडवला. एका भंगारवाल्याकडे पितळी बिल्ला मिळाला. मधे रानमांजर, भोवती गोल पट्टा, पट्ट्याला बक्कल आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, अस्सल स्कॉटिश आहे. मी घासाघीस करून घेतला आणि वाटभर स्वतःवर खूश होते.

नगरला पोचले तेव्हा जीनबाई व्हरांड्यात ट्रंकांच्या राशीत बसल्या होत्या. मी बिल्ला पुढे केला. त्यांनी चष्मा पुसून तो पाहिला आणि खो खो हसत सुटल्या.

"अगं, हे दुसऱ्याच कुळाचं हाय. हे लावून मी गावात गेले तर माझे आजोबा कबरीतून उठून येतील."

जीनबाई मराठी शिकल्या त्या खाटेवरच्या रुग्णांकडून, त्यामुळे पुण्याच्या माणसाने लाजावं इतकं रांगडं बोलत. मी जरा फुरंगटले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे प्रत्येक कुळाचा एक मुख्य असतो. मधलं चिन्ह आणि ते बोधवाक्य, दोन्ही त्या एकट्या मुख्याच्या मालकीची. तो ते नुसतं लावू शकतो. कुळातल्या बाकीच्यांनी लावायचं तर त्याभोवती बक्कल लावलेला पट्टा असलाच पाहिजे. पट्ट्याचा अर्थ एवढाच, की मी त्या मुख्याचा माणूस आहे. पट्ट्याशिवाय लावणं म्हणजे मीच मुख्य, असं मिरवणं.

"म्हणजे आमच्या देवकासारखं," मी म्हटलं. कुणाचं मोराचं पीस, कुणाचा कळंब, आणि दुसऱ्याचं देवक आपल्या लग्नात कुणी मांडत नाही.

"तसंच. फकस्त आमच्यात भांडनं जास्ती."

हसणं थांबल्यावर त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ ॲलन हिंदी पलटणीत अधिकारी होता. तो महायुद्धात इटलीत कामी आला. त्याच्या टोपीवरचा चांदीचा बिल्ला, पट्ट्यात हरणाचं डोकं असलेला, त्याचा ऑर्डर्ली सखाराम याने जपून आणला. सखाराम तिसगावचा. लढाई संपल्यावर तो बिल्ला घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा जीनबाईंना तो बघवेना. त्यांनी सांगितलं, तुमच्यापाशीच ठेवा, मी घरी जायला निघेन तेव्हा मागेन. सखाराम आता नव्हता, पण त्याची बायको सोनाबाई होती.

"आमच्या गावच्या चर्चमधे भिंतीवर ॲलनचं नाव कोरलंय," जीनबाई म्हणाल्या. "तो बिल्ला टोपीला लावून मला त्या नावापुढं एकदा हुबं ऱ्हायचंय. त्याची दुसरी कायबी वस्तू माझ्यापाशी न्हाई."

सकाळी आम्ही पाथर्डीच्या गाडीत बसलो. चांदबिबीचा महाल डाव्या हाताला डोंगरावर दिसला आणि मागे पडला. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत होती. बाया पदराने तोंड बांधून बसल्या होत्या आणि बाभळीच्या विरळ सावलीत झोळ्यांमध्ये लेकरं झोपली होती. करंजीच्या घाटात आमच्या गाडीने मान टाकली. कंडक्टर म्हणाला, इंजिन तापलंय, ज्याच्यापाशी पाणी असेल त्यानं द्या. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. जीनबाईंनी आपली बाटली दिली आणि मग माझ्याकडे अशी नजर टाकली की मलाही फिरकीचा तांब्या काढावाच लागला. मी मनातल्या मनात चरफडले. घाट चढलो, पण तिसगाव येईपर्यंत जिभेला कोरड पडली होती.

बाजाराचा दिवस होता. तिसगावच्या दुष्काळी कामाला सुट्टी, म्हणून सोनाबाईंचा मुलगा दगडू घरीच भेटला. त्याने बाईंना पाहिलं आणि धावत येऊन पाया पडला. घर दगडमातीचं, पुढे निंब. सोनाबाई दारातच उभ्या होत्या, बारीक अंगाच्या, कपाळ मोकळं. त्यांनी जीनबाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आधी जेवा, असा हुकूम झाला. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या) आणि मिलोची भाकरी. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी.

"तुमास्नी ह्या भाकरीवर बसवलं बगा," सोनाबाई ओशाळून म्हणाल्या.

"लई झ्याक झालीय," असं म्हणून जीनबाईंनी आणखी अर्धी मागून घेतली. ती भाकरी घशाखाली उतरायला किती जड असते ते मला कळत होतं. मी मात्र रश्श्यावरच भर दिला.

जेवणं झाली आणि सोनाबाई उठल्या. देवघरातून त्यांनी हळदीकुंकवाने माखलेलं चांदीचं हरणाचं डोकं आणून जीनबाईंच्या ओंजळीत ठेवलं. नुसतं डोकं. भोवती पट्टा नव्हता.

"बाई, ठेव तुमची हाय. पर जशी दिली तशी न्हाई ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "ह्यांनी देवात ठेवलं, तर सासूबाई म्हनल्या, देवात चामड्याचा पट्टा? आदी उचला. ह्यांनी लई सांगितलं, चांदीचा हाय. पर पट्टा दिसतोय म्हनल्यावर म्हातारीचं मन घेईना. मग सोनाराकडनं कापून घ्यावा लागला."

मी जीनबाईंकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी शिकवलेलं सगळं मला आठवलं. हे असं नुसतं हरीण टोपीला लावून त्या चर्चमध्ये जाऊच शकत नव्हत्या. त्या ओंजळीतलं हरीण उलटसुलट करून बघत होत्या.

"आन पट्टा?" त्यांनी विचारलं.

सोनाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. तंबाखूच्या पुडीशेजारून एक चांदीचं कडं निघालं, बक्कलसकट. अक्षरं जवळजवळ पुसली गेली होती.

"ह्यो त्यांनी मरंस्तवर बंडीच्या खिशात ठेवला. म्हनायचे, हरीण त्या लोकांच्या मुख्याचं, पट्टा आपला. अ‍ॅलनसायबांनी त्यांस्नी समदं समजावलं हुतं. माझ्या पट्ट्यात तूबी आलास, आसं म्हनले हुते म्हनं. त्यावर जागा ऱ्हा आसं लिव्हलंय ना? हे राखनीला गेले की त्ये काढून बगायचे, झोप लागू नये म्हनून."

"व्हय. तेच लिव्हलंय," जीनबाई म्हणाल्या.

दगडू पुढे झाला. "बाई, सोनार हितंच हाय, बाजारात. तासाभरात जोडून दील. हुतं तसं करून घिऊन जा."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. जोडून घेतला की सगळंच जमून येणार होतं. सोनाबाईसुद्धा मान हलवत होत्या, न्या न्या म्हणत होत्या, तुमचंच हाय म्हणत होत्या. फक्त कड्यावरची त्यांची बोटं काही सुटत नव्हती. हात जीनबाईंच्या पुढे आलेला, आणि मूठ मिटलेली. त्यांचं त्यांना ते कळतही नसावं.

जीनबाईंना दिसलं. त्यांनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि सोनाबाईंच्या छातीशी नेऊन ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "देवाला हात लावून माफी मागते आन हरीण तेवढं नेते. चालंल?"

"देव दुसरा बसवू, बाई. देवाचं काय," सोनाबाई म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसू लागल्या. मीही रडत होते, ते इथे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. दगडू उगाचच बाहेर जाऊन गाडी आली का बघून आला.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. ऊन उतरलं होतं, घाटातले डोंगर तांबूस दिसत होते. जीनबाईंच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं हरीण होतं. माझा स्वभाव मला गप्प बसू देत नाही.

"नुसतं हरीण तुम्हाला लावता येणार नाही. मग चर्चमध्ये टोपीला काय लावणार?"

"कायबी न्हाई."

"इतकी वर्षं वाट पाहिली त्याची."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खडीच्या ढिगांवर आता कुणी नव्हतं.

"मी तर त्याच घरात जल्मले," त्या म्हणाल्या. "ॲलनच्या नावापुढं मी हुबी ऱ्हायले तर तू कोन, आसं मला कोन इचारनार? पट्टा त्याला लागतो ज्याला लोक इचारतात. सखारामला इचारतील, तू ॲलनचा कोन."

आठवड्याने मी त्यांना मुंबईला बोटीवर पोचवून आले. टोपी घातलेली होती, पुढची बाजू मोकळी होती. अजूनही कुणी मला विचारतं, एवढं नगरकडे गेलीस, तिसगावात बघण्यासारखं काय आहे? मी सांगते, तिथे जीनबाईंच्या घरातली माणसं राहतात. कुणाला ते खरं वाटत नाही.