भाचीची भिंत

बांधकामावर त्या गवंड्याला सगळे जावईबापू म्हणत. वीट मनासारखी भाजलेली नसेल तर हा हात लावणार नाही, सिमेंट-वाळूचा माल जरा पातळ झाला की रुसून बसणार, आणि मग मुकादमाने येऊन मनधरणी करायची. पण काम असं करायचा की त्याचा रुसवा परवडायचा.

इमारत कॉलेजची होती, आणि तीही शहराच्या पैशातून उभी राहत होती. वय उलटलेल्यांना, हातात पैसा नसलेल्यांनाही काहीतरी शिकता यावं म्हणून लोकांनी आपणहून मत देऊन घरपट्टी वाढवून घेतली होती. त्यासोबत एक अट होती. बांधकामातला ठरावीक वाटा शहरातल्याच शिकाऊ माणसांच्या हातून व्हायला हवा. जावईबापूंना ही अट पहिल्या दिवसापासून खुपत होती. "लोकांचा पैसा काय हात बसवायला आहे?" असं ते मुकादमाला येता-जाता ऐकवायचे.

आणि त्यांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आली ती त्यांची सख्खी भाची. काम करायची तो कारखाना बंद पडल्यावर ती दोन मुलं घेऊन आईकडे राहायला आली होती. बाई पस्तिशीची, पण कामाला वाघीण. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामा, चुकलं तर तोंडावर सांग हं. घरचं म्हणून सोडू नकोस."

मामा सोडणार नव्हताच. फक्त तोंडावर सांगणार नव्हता. सकाळी तिला विटा भिजवायला, माल कालवायला ठेवायचा आणि जेवणानंतर थापी हातात द्यायचा. दुपार कलली की शिकाऊंचा वर्ग असे. ती वर्गाला वळली रे वळली की हा पुढे व्हायचा. माल अजून ओलाच असे. तिने लावलेल्या विटा उचलायच्या, माल खरवडायचा, दोरी ताणायची आणि सगळं पुन्हा नव्याने लावायचं. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे बघून हरखून जायची.

"बघ मामा, आधी भिंतीला पोट यायचं. आता कशी सरळ चाललीय."

"हात बसला तुझा," मामा म्हणायचा.

कुणी विचारलं असतं तर त्याने मायेचं कारण दिलं असतं. त्याच्या उस्तादाने त्याच्या बोटांवर थापीचा दांडा हाणत हे काम शिकवलं होतं, त्यामुळे भाचीला लागेल असा शब्द काढायला जीभ रेटत नव्हती. हे खरं होतं, पण निम्मंच. आपल्या भिंतीत दुसऱ्याची वाकडी वीट त्याला बघवत नव्हती, आणि शिकवत बसण्यापेक्षा आपण करून मोकळं होणं सोपं होतं. एका सुट्टीच्या दिवशी ती मुलांना भिंत दाखवायला घेऊन आली. "ही आईने बांधली," असं म्हणून धाकटीने विटांना गालच टेकवला. तेव्हा मामा रिकाम्या घमेल्यात काय शोधत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग परीक्षा आली. पास होणाऱ्याला वरच्या मजल्यावर गवंड्याचा पूर्ण पगार, नापास होणाऱ्याला घरचा रस्ता. परीक्षक बाईंसमोर प्रत्येकाने भिंतीचा एक कोपरा उभा करायचा होता. भाची हसत हसत पुढे झाली. चार थर होतात न होतात तोच कोपरा बाहेर झुकला. तिने ठोकून आत घेतला, तर खालचा थर सरकला. ती थापी हातात धरून नुसती बघत राहिली. हे असं का होतंय, तेच तिला कळत नव्हतं.

"तुमची ती भिंत तर इतकी सुरेख आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "मग आज काय झालं?"

"आज काही झालं नाही," मामा मागून म्हणाला. "ती भिंत तिची नाही. तिने लावलेलं मी रोज काढून परत लावायचो. तिला काही सांगितलंच नाही मी."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. बोलून टाकलं की हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. कसलं हलकं! सगळ्यांदेखत त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या पैशाची राखण करतोय अशा तोऱ्यात तो इतके दिवस वावरला, आणि लोकांनी ज्यासाठी पैसा दिला होता तेच त्याने भाचीच्या तोंडचं काढून घेतलं होतं.

बाईंनी तिला नापास केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तिने थापी धुतली, पुसली, मुकादमाच्या हवाली केली आणि ती त्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मामा मागोमाग गेला.

"रोज काढायचास?"

"रोज."

"सगळ्या?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"शेवटी शेवटी तरी एखादी नीट बसली असेल ना माझी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तो आठवू लागला. ओल्या मालातून विटा सुटतानाचा आवाज आठवला, दोरी आठवली, आपली घाई आठवली. तिची एकही वीट आठवेना.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "काढायच्या आधी मी कधी बघितलंच नाही."