तबकडीत न मावलेलं कडवं

सोलापुरातल्या एका कापडगिरणीत मी हजेरी-कारकून होतो आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायचो. पेठेतल्या मेळ्यासाठी लिहायचो, कधी तमाशाच्या फडासाठीही. चाली माझा दोस्त बांधायचा. त्याचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. घरी दखनी बोलायचा, माझ्याशी मराठी. शब्द माझे, सूर त्याचे, अशी आमची जोडी होती.

गिरणीचा भोंगा वाजतो आणि नवऱ्याचा पाय घरातून निघत नाही, त्यावरून बायको त्याला लाडीगोडीनं टोमणे मारते, अशी एक लावणी मी लिहिली. मोडनिंबची एक बाई ती गायची. पहिल्याच खेळाला लोकांनी ती तीनदा म्हणायला लावली. शेवटच्या कडव्यात मी रीतीप्रमाणे माझं नाव गुंफलं होतं. आमच्याकडे कवीची सही म्हणजे तेच. गाणं कुठंही जावो, कुणीही म्हणो, शेवटी नाव यायचंच.

त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीचा एजंट सोलापुरात उतरला. त्याला बाईचा आवाज हवा होता आणि बाईला हीच लावणी गायची होती. एजंटानं माझ्यापुढे आणि दोस्तापुढे एकेक इंग्रजी कागद ठेवला.

"यात लिहिलंय काय?" मी विचारलं.

"गाणं कंपनीला दिलं, एवढंच."

"तबकडी खपेल तसं काही मिळणार का?"

"ते मोठ्या गवयांना. कवीला एकरकमी."

"आणि तबकडीवर नाव?"

"सांगून बघतो," तो म्हणाला.

दोस्तानं कोपरानं ढोसलं, "कर की सही. आपलं गाणं मुंबईला चाललंय, हे काय कमी हाय व्हय?" आम्ही सह्या केल्या.

तबकडी आली तेव्हा आम्ही दोघं बाजारातल्या ग्रामोफोनच्या दुकानापुढे गर्दीत उभे राहिलो. कर्ण्यातून बाईचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. आता माझं नाव येणार म्हणून मी दोस्ताचा हात धरला. तेवढ्यात साथीची पेटी थांबली, बाईनं खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं आणि सुई खरखरत आत गेली. शेवटचं कडवं नव्हतंच! मी दुकानदाराकडून तबकडी मागून घेतली आणि मधला कागद वाचला. त्यावर बाईचं नाव होतं. आम्हा दोघांचं कुठंच नव्हतं.

पुढं वर्षभर ती लावणी माझ्या मागं लागली. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, गिरणीच्या दारात. बार्शीला बहिणीकडे गेलो तर तिथंही. "हे माझं गाणं," असं म्हणालो की लोक माझ्याकडे कीव करून बघायचे. मेव्हणेच म्हणाले, "तुमचं कसं? ते तर रेकॉर्डचं गाणं आहे."

गड्ड्याच्या जत्रेत विकायला म्हणून मी माझ्या गाण्यांचं लहानसं पुस्तक छापायला टाकलं. पहिली लावणी अर्थात हीच. छापखान्यातून जाहिरातीचे कागद वाटले गेले आणि आठवड्याच्या आत छापखान्याच्या मालकाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. मालकानं जुळवलेले अक्षरांचे खिळे माझ्यासमोर सोडवले. "माझा धंदा बुडवू नका," म्हणाला.

मी तडक ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडचा कागद चष्मा वर करून वाचला.

"गाणं कुणी लिहिलं?"

"मी."

"मग लिहिलं त्या क्षणी ते तुमचं झालं. छापायचा हक्क तुमचा, तबकडी काढू द्यायचा हक्क तुमचा. हे हक्क वेगवेगळे विकता येतात. नुसता तबकडीचा द्यायचा आणि बाकीचे राखायचे. खपावर हिस्साही मागता येतो. तुम्ही सगळेच हक्क एका सहीत देऊन टाकलेत."

"म्हणजे माझं गाणं मलाच छापता येत नाही?"

"कंपनीच्या परवानगीनं येईल."

"आणि नाव?"

"नाव घालायची अट कागदात नाही."

मी चिडून म्हणालो, "साहेब, मी गाणं विकलं. ते कुणी लिहिलं हे विकलं नव्हतं!"

वकिलांनी कागद घडी करून परत दिला.

काही महिन्यांनी बाईचा खेळ पुन्हा सोलापुरात लागला. मी आणि दोस्त आधीच कनातीत जाऊन तिला भेटलो. "या शाहीर," म्हणून तिनं बसायला दिलं. मी सरळ विचारलं, कडवं का गाळलं?

"म्या गाळलं न्हाय," ती म्हणाली. "मेणाच्या तबकडीवर गाणं उतरवत्यात, तीन मिनिटांत सपतं. म्या चवथं कडवं धरलं तर सायबानं हात वर केला. मेण संपलं, म्हणला. वर आपलंच नाव वरडून सांगा म्हणला. मला बी पैसं एकदाच दिलं त्यांनी, पुन्यांदा कुनी फिरकलं न्हाय." मग म्हणाली, "आज फडावर समदं म्हनते. तुमचं नाव घिऊन."

आणि तिनं शब्द पाळला. तिसरं कडवं संपल्यावर लोक शिट्ट्या मारत उठायला लागले होते, तेवढ्यात तिनं चौथं सुरू केलं. लोक घुटमळले. माझं नाव आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "रेकॉर्डवानी म्हना, बाई! हे काय भलतंच?" माझ्या शेजारचा पटकेवाला वैतागून म्हणाला, "चांगल्या गान्यात कुनीतरी आपलं नाव घुसडलंय बघा."

त्याला मी काय सांगणार होतो?

नंतर दुसऱ्या कंपनीचा माणूस नवं गाणं मागायला आला. या वेळी मी वकिलांनी शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं: फक्त तबकडीचा हक्क, खपावर हिस्सा, तबकडीवर दोघांची नावं. त्यानं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि आमच्याच पेठेतल्या दुसऱ्या कवीचं दार ठोठावलं. त्या कवीच्या गाण्याची चाल माझ्या दोस्तानंच बांधली.

मी दुकानात जाऊन त्याच्यावर आवाज चढवला. तो पेटीच्या भात्याला चामडं चिकटवत होता. "तुजी नोकरी हाय गिरनीत," तो म्हणाला. "माजं पोट ह्या पेटीवर नि चालींवरच हाय."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही तोंडातून निघेना. मी पायरी उतरून गिरणीकडे चालू लागलो.