ओढ्यावर थांबलेलं कुंकू

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हणता येणार नाही. मी देवाशी अबोला धरला होता, आणि तोही नेमका पाण्यातल्या आसरांशी. आमच्या शिरूरकडे बहुतेक विहिरींच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. पाणी त्यांचं, आपण मागून घ्यायचं, अशी आमच्या घरातली समजूत. परक्या पाण्यात पाय घालण्याआधी, किंवा कालव्याची पाळी सुटून पाटात पहिलं पाणी आलं की, घरातल्या बाईनं त्यावर हळदकुंकू वाहायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून वीस-एकवीस वर्षं मी हे बिनचूक केलं. मग चार वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर मोटारीच्या पाइपातला कचरा काढायला विहिरीत उतरले, पाय घसरला आणि ते वर आलेच नाहीत. माझ्या लग्नात पाच वर्षांचे होते, माझ्या हातचं खाऊन वाढलेले. तेरावं झालं आणि मी विहिरीवर जाऊन मोठ्यानं म्हणाले, इतकी वर्षं कुंकू घेतलंत आणि वर घरातला माणूसही घेतलात, आता माझ्याकडून चिमूटभरही मिळायचं नाही. तेव्हापासून मी त्या बाजूला फिरकले नाही. मालक आता मोबाईलवरूनच मोटार चालू करतात, त्यामुळे झेंडूला पाणी द्यायलाही विहिरीपाशी जावं लागत नाही.

अबोला धरला तरी भीती काही सुटली नाही, उलट ती घरात शिरली. पोरगी अंघोळीला गेली आणि जरा उशीर झाला की मी दार वाजवायची. पल्लवी माझी एकुलती एक. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टची बस दारात येते. तिची मैत्रीण रिंकी उत्तरेकडची, कारेगावात खोली करून राहते. श्रावणात एका सुट्टीच्या दिवशी या दोघींनी भीमाशंकराकडच्या रानात धबधबा बघायला जायचं ठरवलं. नको म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, म्हणून मी म्हणाले, "मग मीबी येनार."

"आई, तू काय सीसीटीव्ही हायेस का?" पल्लवी म्हणाली. मालक हसले. पण मी हट्टाला पेटले तर कुणाला ऐकते थोडीच!

निघताना सासूबाईंनी भाकऱ्यांचं फडकं हातात दिलं. मुलगा गेल्यापासून त्या बोलतात कमी. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पान्याशी नीट वागा गं." मला ते लागलं. त्यांनी तरी मला हे सांगायला नको होतं, असं वाटलं.

एस्टीनं आणि मग जीपनं आम्ही डोंगराच्या पायथ्याला पोचलो. चहाच्या टपरीवाल्यानं वाट सांगितली: ओढा ओलांडायचा आणि सरळ वर. सांगायला सोपं होतं. आमच्याकडे बांधावर उभं राहिलं की चार गावांचे टॉवर दिसतात. तिथे पाच पावलांवरचं झाड दिसेना. धुकं, वरून झिमझिम, खाली शेवाळलेले दगड आणि वाटेत आडवी आलेली मुळं. झाडांचं छत इतकं दाट की भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं वाटत होतं. माझ्या पायात मालकांचे बूट, साडी खोचलेली, हातात काठी. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता घसरले. पुढे पोरींचं खिदळणं ऐकू येत होतं तोवर जिवात जीव असायचा. ते थांबलं की मी ओरडायची, "पल्लवेऽ!" आणि ती वैतागून "हायऽ, हाय!" म्हणायची. ओढा लागला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, स्वच्छ, खालचे गोटे दिसत होते. तरी मी काठावरच अडले. पल्लवीनं हात धरून मला पलीकडे नेलं. हळदकुंकवाची आठवण झाली, नाही असं नाही. मी ती मुद्दाम दाबली.

धबधबा मी धड पाहिलाच नाही. आवाजच छातीत असा भरला की बसकण मारली आणि डोळे मिटून घेतले. पोरी पाण्याखाली डोकी घालून किंचाळत होत्या आणि मी "माघारी ये, माघारी ये" करत घसा बसवून घेतला. खायला बसलो तेव्हा भाकरीच्या फडक्याच्या गाठीत कागदाची पुडी सापडली. उघडली तर हळदकुंकू. सासूबाईंचं काम! इतका राग आला की ती तिथेच फेकून देणार होते. पण कुंकू कुठे पायदळी टाकायचं, म्हणून कमरेला खोचली.

तेवढ्यात पाऊस धो धो कोसळायला लागला. आम्ही धावत-घसरत खाली आलो, तर ओढा ओळखू येईना. जातानाचं घोटाभर पाणी मांडीपर्यंत चढलेलं, लालभडक, फांद्या आणि पाचोळा घेऊन पळत होतं. मोबाईलला रेंज नाही. शेवटची जीप पाचला जाणार होती. आम्ही एका कपारीत चिकटून बसलो. रिंकी अंग चोरून बसली होती, पल्लवीचे ओठ निळे पडले होते. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. दीर गेले त्या दिवशी सगळं होऊन गेल्यावर कळलं होतं. इथे मरण समोरून चालत येताना दिसत होतं. नाव कुणाचं घ्यायचं? ज्यांच्याशी अबोला, त्यांच्याच दारात बसले होते. मी रामाचं, मारुतीचं, सगळ्यांचं नाव घेतलं आणि आसरांचं तेवढं टाळलं. मरायची वेळ आली तरी माणसाचा ताठा जात नाही बघा.

तासाभरानं आवाज एकदम कमी झाला. पाहिलं तर पाणी उतरलं होतं. बघता बघता मांडीवरून गुडघ्याला, गुडघ्यावरून घोट्याला. "आंटी, पानी कम हो गया!" रिंकी उठलीच.

आणि मी, जी दिवसभर नको नको करत होते, तीच म्हणाले, "पानी तुटलं. चला बिगी बिगी, आता काय भ्या न्हाई." हे माझ्या तोंडून निघालं, कारण माझा सगळा जन्म पाटाच्या पाण्यावर गेलेला. आमच्याकडे पाणी पाळीनं येतं. पाटातलं पाणी उतरलं म्हणजे पाळी संपली, गेट बंद झालं. मग आम्ही त्याच कोरड्या होत चाललेल्या पाटातून चपला हातात घेऊन खुशाल घरी जातो. हे पाणी कुणी सोडलेलं नाही, याला गेट नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यावर पाऊस तसाच कोसळत होता, तरी आलं नाही.

पल्लवी पाण्यात उतरली, मागे रिंकी. मी शेवटी. पाय घालणार, तेवढ्यात कमरेची पुडी टोचली. का कोण जाणे, मला सासूबाईंचा चेहरा आठवला. मुलगा गमावलेल्या बाईनं बांधून दिलेली पुडी मी परत तशीच घेऊन जाणार होते. लाज वाटली, दुसरं काही नाही. भक्ती म्हणाल तर ती त्या क्षणी माझ्यात नव्हती. मी वाकले, "घ्या बायांनो, तिच्यासाठी घ्या" एवढं पुटपुटले आणि चिमूट सोडली.

कुंकू हललं नाही. ते पाण्यावर पसरलं आणि जिथल्या तिथे राहिलं. डोंगरावरून उतरणारा ओढा, वरून धो धो पाऊस, आणि माझं कुंकू बशीत ठेवल्यासारखं स्थिर. मी रात्री-अपरात्री उसाला दारं धरून पाणी दिलेली बाई आहे. चालू पाटातलं पाणी असं मधेच उभं राहिलं तर त्याचा अर्थ आमच्यात लहान पोरालाही कळतो: वर कुठेतरी अडलंय. आणि अडलेलं पाणी फुटतं तेव्हा बांधासकट येतं.

"माघारी!" मी ओरडले. "पल्लवे, माघारी फिर!"

"आई, आता काय झालं तुझं? अर्ध्यावर आलोय!"

"तुला माझी आन हाय! फिर म्हंते ना!"

माझ्या आवाजात काय होतं देव जाणे, पण ती फिरली. रिंकीला मी दंडाला धरून खेचलं, पल्लवीचा पदर... म्हणजे ओढणी हाताला लागली, ती ओढली. आम्ही तिघी कपारीच्या वर चढतोय न चढतोय तोच आधी वास आला, ओल्या कुजक्या मातीचा. मग जमीन थरथरली. आणि वळणावरून पाण्याची भिंत आली, तिच्या तोंडाशी अख्खं झाड मुळांसकट. पल्लवी उभी होती तो दगड दिसेनासा झाला. किती वेळ आम्ही एकमेकींना धरून रडत होतो, मला सांगता येणार नाही.

वरच्या अंगाला कुणीतरी हाळी दिली. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेली एक बाई आपली चुकलेली गाय शोधत आली होती. आम्हाला बघून म्हणाली, "हितं ग कशाला आलात मरायला? दरड पडली की वढा अडतो, न् मंग असा येतो. चला माझ्या मागं." तिनं वरच्या धारेनं, वाट नसलेल्या रानातून आम्हाला पुलापर्यंत आणि तिथून आपल्या वाडीत नेलं. ती कुणी देवी-बिवी नव्हती. तिच्या चुलीपुढे आम्ही कपडे वाळवले, चहा प्यालो, आणि चहात साखर जरा जास्तच होती. तिच्या मुलानं जीपवाल्याला फोन लावून दिला. निघताना उरलेलं कुंकू मी तिच्या कपाळी लावलं आणि वाकून पाया पडले. ती लाजून म्हणाली, "अवो, मी ल्हान हाय तुमच्यापरीस."

त्या दिवशी जे झालं ते कुणी केलं, याचा काथ्याकूट मी करत नाही. पाणी उभं आहे हे कुंकू न वाहताही एखाद्याला दिसलं असतं. मला दिसलं नव्हतं, एवढं मात्र खरं. वाकले नसते तर दिसलंच नसतं.

घरी आलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. सासूबाई ओट्यावर वाट बघत होत्या. मी सगळं सांगितलं, रडत सांगितलं. त्या पल्लवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग बोलता बोलता कळलं की या चार वर्षांत एकही शुक्रवार त्यांनी विहिरीवरचं हळदकुंकू चुकवलं नव्हतं. मी शेवंती तोडायला जायची तेव्हा त्या गुपचूप जाऊन यायच्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, तुमचा पोटचा गेला त्यात. तरी तुमी जाता?"

त्या म्हणाल्या, "माझा गेला म्हनून तर जाते. आता दुसऱ्या कुनाचा घिऊ नगा, आसं त्या बायांस्नी सांगाया कुनी नगं व्हय?"

वीस वर्षं मी कुंकू वाहिलं ते हिशेबानं, मी दिलं म्हणून तूही दे, असं. म्हणूनच एक दुःख आलं आणि माझा व्यवहार मोडला. या बाईचा पोटचा गेला होता, आणि ती त्यानंतरही हात पसरत होती, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. माझी पोरगी त्या ओढ्यातून परतली ती माझ्या भक्तीवर नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी करंडा घेऊन निघाले. विहिरीचा काठ दिसताच पाय थबकले. भीती अजून तशीच होती, आजही आहे. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. सात दगड धुतले, शेंदूर लावला, आणि दिरांचं नाव घेऊन मी पहिल्यांदा तिथे मनसोक्त रडले. मागं वळले तर पल्लवी उभी. पहिल्या शिफ्टहून आलेली, कंपनीचा गणवेश अंगावर, गळ्यात ओळखपत्र. चपला काढून पुढे आली आणि कुंकवासाठी हात पुढे केला.