कपाळफोडीचे फुगे

नवऱ्याची बोटं सकाळी वळत नाहीत, हे मला शर्टाच्या बटणांवरून कळलं. तो आरशासमोर माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि बराच वेळ हलेना. विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, झोपेत हात अवघडला." रोज कुणाचा हात अवघडतो? इकडे तमिळ मुलखात, श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात तो नट आवळण्याच्या कामावर आहे. मूठ वळली नाही तर तिथं त्याला कुणी उभं करणार नाही. म्हणून कंपनीच्या बसमध्ये तो हात खिशात घालून चढायचा.

डॉक्टरांनी आमवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि धीर धरा म्हणाले. तो कुठून आणायचा ते सांगितलं नाही.

तांबरमला आमच्या शेजारी एक मामी राहतात. घराणं तंजावरचं, मराठी जुनी आणि तमिळ हेलाची. एका दुपारी त्या मला मागच्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाशी घेऊन गेल्या. सगळं कुंपण एका नाजूक वेलीनं झाकलं होतं.

"हे मुडक्कत्तान मा. सांधे धरलें की आम्ही हेंच देतों."

मला हसू आलं आणि रडूही. ही तर आमची कपाळफोडी. मी आणि नवरा एकाच गावचे. लहानपणी तिचे हिरवे फुगे चिमटीत धरून कपाळावर फोडायचो, आणि फट् आवाज सर्वांत मोठा त्याचा यायचा. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ही वेल रिठ्याच्या कुळातली, फुग्यात तीन कप्पे, प्रत्येकात एक काळं बी आणि त्यावर पत्त्यातल्यासारखा पांढरा बदाम, हे मुलांना दरवर्षी सांगते. फुलांच्या देठावरच दोन ताणे फुटतात. म्हणजे जिथं फुलं यायची, तिथं वेल आधाराला धरायची सोय करते. आमवात तिनं बरा होतो असं मी वर्गात कधीच म्हणाले नसते. त्या दुपारी मात्र ओंजळ भरून पाला खुडला.

सासूबाईंना फोन केला. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच उत्तर. "काढा कर. सकाळ-संध्याकाळ दे." मीही चांगला आटवून दिला. दुसऱ्या दिवशी हातांचं राहिलं बाजूला, नवरा संडासातून बाहेर येईना आणि कारखान्यातली पाळी बुडाली. मामी माझ्यावरच उखडल्या. "काढा कशाला केलीस मा? पोट वाहातें त्यानं. कवळा पाला मावांत वाट, दोसै घाल. थोडकाच."

मग डोशाच्या पिठात पाला वाटून घालू लागले. हिरवे, कडसर डोसे तो चटणीत बुडवून मुकाट्यानं खायचा. रात्री मी एरंडेलात परतलेला पाला त्याच्या बोटांवर बांधायचे. गोळ्या चालूच होत्या. मध्ये थोडे दिवस बरे गेले. एका सकाळी त्यानं कुंपणावरचा फुगा तोडून स्वतःच्या कपाळावर फोडला. त्या दिवशी मी कॉलेजात कुणावरही ओरडले नाही.

तेव्हापासून आम्हाला ती खोडच लागली. उठलं की एक फुगा. चिमटीत धरता आला तर नट आवळायचं यंत्रही धरता येईल, असं आमचं अडाणी गणित. यात शास्त्र काही नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

मग प्लॉटवर बांधकाम निघालं आणि जेसीबीनं कुंपणासकट वेल उपटून नेली. मी धावत जाऊन ढिगाऱ्यातून वाळलेले फुगे वेचले. त्यातलं बी बाल्कनीत कुंडीत लावलं. पावसात ते तरारून वर आलं, ताण्यांनी कपड्यांची दोरी घट्ट धरली. इकडे त्याची बोटं पुन्हा आखडत चालली होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मी पाला वाढवला, मामींना न विचारता कमी केला, पुन्हा वाढवला. मला भयंकर भीती वाटत होती आणि ती मी पिठात वाटत होते.

परवा वेलीला पहिला फुगा धरला. डबा भरला होता, शर्टाची बटणं मी लावली होती. तो बाल्कनीत गेला. फुगा त्यानं तोडला, पण चिमटीत राहीना. खाली पडला. उचलायला गेला, तेही जमेना. मी उचलला आणि देठाशी धरून त्याच्यापुढे केला.

त्यानं वाकून माझ्या हातावर कपाळ आपटलं. फट् वाजलं.

कपाळ त्यानं उचललं नाही. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. रोज मीच त्याला "पळ" म्हणते. परवा म्हणाले नाही. बस निघून गेल्याचा आवाज आम्ही दोघांनी तसंच उभ्या उभ्या ऐकला.