कोऱ्या कागदावरची सही

आमच्या बर्डीवरच्या ऑफिसातून माणसं आखातात नोकरीला जायची. मी तिथली टायपिस्ट, कारकून, आणि शेठ नसले की एजंटही. ऐंशीनंतर नवा कायदा आला, परवाने आले, आणि आमच्यासारख्या जुन्या एजंटांसाठी सदर भागातल्या एका हॉटेलात चार दिवसांचं प्रगत प्रशिक्षण ठेवलं. शेठ म्हणाले, "तूच जा." मी चिडले. दहा वर्षं हेच करून राहिलो आपण, आता हे काय डोंबल शिकवणार!

शिकवायला मुंबईहून एक निवृत्त अधिकारी आले होते. त्यांचं एकच तुणतुणं: करार माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, त्याच्या तोंडून वदवून घ्या, मगच सही. कोऱ्या कागदावर सही कधीही घेऊ नका. मी ताडकन उभी राहिले. "साहेब, आमची माणसं उमरेड-ब्रह्मपुरीहून येष्टीनं येतात. करार मुंबईहून यायला महिना लागतो. एका सहीसाठी त्यांची रोजी बुडवून पुन्हा बोलवायचं?" टाळ्या पडल्या. साहेब एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. म्हणूनच मला भीती वाटते." मला तर त्यांची कीवच आली.

त्याच महिन्यात उमरेडचा एक वेल्डर आला. सोबत म्हातारे वडील, सुतारकाम करणारे. एकुलता एक पोरगा, बापाला हृदयाचं दुखणं, धंतोलीतल्या दवाखान्यात औषधपाणी चालू. पोरगा म्हणाला, "ताई, दोन वर्षाच्या वर मले जमत नाही. बाबाले पाहाले कोणी नाही." मी म्हटलं, "दोन म्हणजे दोन." आणि रिवाजाप्रमाणे अर्जांच्या गठ्ठ्यातच, फक्त खालची कडा उघडी ठेवून, कोऱ्या कागदांवरही त्याच्या भराभर सह्या घेतल्या.

मुंबईहून करार आला, त्यात तीन वर्षं. मी शेठशी भांडले. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर जागा जाईल त्याची. तिथं गेल्यावर होईल काहीतरी." मी तणतणत मशीनवर बसले आणि त्याच्या सहीच्या वर माझ्याच बोटांनी 'तीन' टाइप केलं. तिकिटाच्या दिवशी सांगू, म्हटलं. त्या दिवशी पोराच्या गळ्यात हार, अन् म्हातारा ऑफिसभर पेढे वाटून राहिलेला. माझ्या हातावर दोन ठेवले. मी ते खाल्ले आणि काही बोलले नाही.

दोन वर्षं सरली. धंतोलीत दाखवायला आला की म्हातारा आमच्या बाकावर जरा टेकायचा. "कधी येईन वं बाई तो?"

"येईल हो बाबा, पुढच्या महिन्यात."

असे किती पुढचे महिने मी त्याला दिले! कंपनीनं पोराचा पासपोर्ट अडकवून ठेवलाय, हे मला त्याच्या पत्रावरून ठाऊक होतं. मग म्हातारा यायचा बंद झाला. चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही.

तीन वर्षं भरल्यावर पोरगा परत आला आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात. वडील जाऊन पाच महिने झाले होते. वाटलं, आता हा शिव्या घालणार. घालाव्यात, असंच मला वाटत होतं. तो बाकावर बसला, मान खाली घालून बोलू लागला.

"कंपनीनं कागद दाखवला ताई. तीन वर्षं लिहिलं होतं, खाली माझीच सही. असा कसा मी अडाणी, न वाचताच सही केली! माझ्यापायी बाप वाट पाहू पाहू मेला."

"नाही रे, कागद कोरा होता," हे अगदी ओठांवर आलं. आत शेठ होते, समोर चार गिऱ्हाइकं बसली होती. मी उठून त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुमचा काही दोष नाही ताई," आणि जिना उतरून गेला. बापाच्या मरणाचं खापर त्यानं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं, आणि मी फोडू दिलं.